सर 'ले वं' म्हणाले

आमच्या घरी सकाळ गिरणीच्या भोंग्याने व्हायची आणि संध्याकाळ बॉलच्या आवाजाने. मधला सगळा दिवस आईच्या कातरीचा. अंगणातल्या लिंबाखाली मांडीवर सूप घेऊन ती बिड्यांची पानं कापायची, आणि हात जितके भरभर चालत तितकंच तोंडही. रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही ती चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. बाबा गिरणीतून आले की हातपाय धुऊन आधी मागच्या ग्राउंडवर जायचे, जाळी सैल पडली असेल तर ताणायचे आणि मग घरी येऊन चहा मागायचे. ग्राउंड म्हणजे विहारासमोरची मोकळी जागा. वस्तीतल्या माणसांनीच तिथे मुरूम टाकला होता, पाणी मारून धुमसला होता आणि चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या. मुलांचं व्हॉलीबॉल मंडळ तिथे आधीपासून होतं, मुलींचं आम्ही भांडून केलं. त्या भांडणात मी सगळ्यात पुढे होते हे सांगायला मला आजही संकोच वाटत नाही. मी मुळातच दांडगी. आता नागपूरच्या बेस्याकडच्या आमच्या सोसायटीत मी मीटिंगला आले की चेअरमन चहा लवकर मागवतो.

दादाचं लग्न झालं आणि पुष्पावहिनी घरात आली. कळमेश्वरच्या पलीकडचं तिचं गाव. बोलणं अगदी कमी, कामाला वाघ. तिच्या येण्याने आईला बिड्यांना दुसरे हात मिळाले आणि मला भाकरीतून सुटका. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. संध्याकाळी भिंतीपलीकडे बॉल वाजायला लागला की वहिनीच्या भाकरी बिघडायच्या. एरवी कागदासारखी पातळ, गोल भाकर थापणारी ही बाई, त्या वेळी हमखास एक तरी भाकर करपवायची. आई म्हणायची, "ध्यान कुठं असते वं तुहं?" वहिनी म्हणायची, "कुठं नाही, आत्याबाई." एकदा आमचा बॉल भिंतीवरून उडून अंगणात पडला. मी 'बॉल द्या' म्हणून ओरडले आणि भिंतीवर चढणार, तेवढ्यात तो आपणहून वर आला, झाडाच्या शेंड्याला न लागता, भिंतीवरून, नेमका माझ्या दोन्ही हातांत. बॉलवर ज्वारीच्या पिठाचे दहा बोटांचे ठसे होते. मी भिंतीवरून पाहिलं तर वहिनी परत चुलीपुढे बसलेली, जणू काही झालंच नाही. गावच्या शाळेत एका मास्तरांनी मुलींची टीम केली होती आणि त्यात ती लिफ्टर होती, हे मग हळूहळू कळलं. स्मॅश मारणाऱ्या मुलीला बॉल नेमका उचलून देणारी ती लिफ्टर. टाळ्या सगळ्या मारणारीला मिळतात, पण लिफ्टर वाईट असेल तर मारणारी नुसती उड्या मारत राहते. त्या मारणाऱ्यांपैकी मी एक असल्यामुळे हे मला चांगलंच माहीत होतं.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर आमची लिफ्टर लग्न होऊन रायपूरला गेली, आणि नेमकी तेव्हाच बातमी आली की नागपुरात देशोदेशीच्या महिला क्लबांची व्हॉलीबॉल स्पर्धा भरणार आहे. यजमान गावचा एक क्लब हवा होता. शहरात मुलींची टीम धड चालू असलेलं मंडळ आमचं एकच, त्यामुळे मान आमच्याकडे आला. रातोरात मंडळाचा क्लब झाला. बाबांनी स्वतः पत्र्याच्या पाटीवरचं 'मंडळ' खरडून 'क्लब' रंगवलं, त्यातला 'क्ल' त्यांना शेवटपर्यंत नीट जमला नाही. लिफ्टर कोण, असा प्रश्न आला तेव्हा मी घरी जेवायला बसल्या बसल्या वहिनीचं नाव घेतलं. दादाचा घास हातातच राहिला. वहिनी पाणी आणायला म्हणून उठली आणि परत आलीच नाही.

आई माणूस म्हणून वाईट नव्हती, हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कोणाचा तसा समज व्हायचा. तिचे गुडघे गेले होते. दिवसभराच्या बिड्या, त्यात सून रोज संध्याकाळी ग्राउंडवर, म्हणजे चूल पुन्हा तिच्याकडे. शिवाय लग्न झालेली बाई हाफ पॅन्ट घालून चारचौघांत उड्या मारणार. "लोक काय म्हणतील ते म्हणतील, त्याईले मी पाहून घेईन," आई म्हणाली, "पण माह्या घरात भाकर कोण थापीन?" बाबांनी आपण शिकतो म्हणून सांगितलं. त्यावर आईने कातर उचलली. दोन दिवस घरात कातरीशिवाय कसला आवाज नव्हता. तिसऱ्या दिवशी तिने निकाल दिला. "ही स्पर्धा खेळू दे तिले. जिंकत जातान तवर जाईन. ज्या दिवशी हारल्या, त्या दिवशी संपलं. मंग बॉलचं नाव नाही काढायचं या घरात. कबूल आहे का वं, पुष्पे?" वहिनीने पदर सारखा केला आणि म्हणाली, "कबूल आहे, आत्याबाई." स्पर्धा बाद पद्धतीची होती. एक मॅच हरलं की घरी. बाहेरच्या क्लबांपुढे आम्ही काय चीज होतो हे आईला माहीत नव्हतं, वहिनीला होतं. तरी तिने एका दमात 'कबूल' म्हटलं. त्या रात्री ती भांडी घासताना गुणगुणत होती, हे मात्र मी पहिल्यांदा ऐकलं.

स्पर्धेच्या आयोजकांनी आम्हाला शिकवायला महिनाभरासाठी पुण्याचे एक सर पाठवले. सडपातळ, पांढरेशुभ्र बूट, गळ्यात शिट्टी. आमच्या मुरमावर त्या बुटांचा पहिल्याच दिवशी निकाल लागला. दुसऱ्या धक्क्याला आम्ही स्वतः कारणीभूत होतो. बॉल दोघींच्या मध्ये आला की आमच्याकडे जी घेणार ती 'मले, मले' ओरडायची, म्हणजे मला येऊ दे. आणि दुसरीने घ्यावा असं वाटलं तर 'ले वं'. गल्लीतला आमचा अर्धा खेळ हिंदीत चाले, तेव्हा 'घे' ऐवजी 'ले' आणि बाईमाणूस म्हणून 'वं'. सरांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. "हे मेले मेले काय चाललंय? कोण मेलं?" आम्ही पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. म्हणाले, आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, सगळीकडे चालतात तेच शब्द वापरायचे. आपण घेणार तर 'माइन'. बॉल बाहेर चाललाय, सोडायचा, तर 'लीव्ह'. मग रोज अर्धा तास नुसतं 'माइन' आणि 'लीव्ह'. वहिनी 'माइन' म्हणताना इतकी लाजायची की बॉल खाली पडून जायचा. पण तिचे हात बघून सर पहिल्या आठवड्यातच मऊ झाले. आमच्या अंगणात चहा पिता पिता एकदा म्हणाले, "वहिनींचे हात देवाने घडवलेत." आई पानं कापत होती, वर न बघता म्हणाली, "देवानं नाही सर, भाकरीनं." सरांना ते पटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्याच मुलींना बोटांसाठी ज्वारीचं पीठ मळायला सांगितलं. त्या महिन्यात वस्तीत भाकरींचा सुकाळ होता.

मग टीम यायला लागल्या. बल्गेरियाच्या मुली एवढ्या उंच की रिक्षात बसल्या तर गुडघे हनुवटीला लागायचे. जपानच्या मुली सराव संपला की रांगेत उभ्या राहून रिकाम्या कोर्टाला वाकून नमस्कार करायच्या, आणि तो बघायला आम्ही अगदी शेवटपर्यंत थांबायचो. आमची पहिली मॅच कोलंबोच्या एका क्लबशी पडली. वस्तीत विहार आहे हे त्यांना कोणीतरी सांगितलं असणार. रविवारी सकाळी वंदनेला त्या साऱ्याजणी पांढरे कपडे घालून हजर. त्रिसरण सुरू झालं आणि विहारात एक गंमतच झाली. शब्द तेच, चाल मात्र निराळी. आमची सरळ, त्यांची लांबवत नेलेली, हेलकावे घेणारी. पहिल्या ओळीला दोन्हीकडचे अडखळले, दुसरीला आमच्या बाया थांबल्या आणि तिसरीपासून त्यांच्या मागे त्यांच्या चालीवर म्हणायला लागल्या. आई डोळे मिटून म्हणत होती. आमच्या बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाचा तो गर्दीचा दिवस ती नेहमी सांगायची, पण समुद्रापलीकडच्या मुली आपलेच शब्द म्हणतात हे तिने पहिल्यांदा कानांनी ऐकलं. वंदना झाल्यावर ती त्यांच्या कॅप्टनचा हात धरून तिला थेट आमच्या घरी घेऊन आली. कॅप्टनचं नाव कुमुदिनी. "आपल्यातलंच नाव आहे वं हे," असं आई दिवसभर सांगत फिरली.

कुमुदिनीच्या मागे सगळी टीम आली. ह्या भात खाणाऱ्या मुली आहेत म्हटल्यावर आईने गोळाभात केला. डाळ भरडून केलेले गोळे भातात शिजवलेले, वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. सोबत सांबारवडी. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, पण हे सरांना कोणी सांगितलं नव्हतं. ते वडीबरोबर वाटीची वाट बघत बसले होते. मुलींनी हातानेच, आमच्यासारखा कालवून भात खाल्ला, आणि आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत वाढत राहिली. उद्या ह्यांच्याशीच आपली मॅच आहे, ह्याची तिला आठवण करून दिली तर म्हणाली, "मंग? उपाशी पोरींसोबत खेळणार हाव का तुम्ही?" सरांसाठी मात्र खास लाल रस्सा होता. नागपूरला येऊन नुसतं वरण खाऊन गेलात तर मला बोल लागेल, म्हणून तिने त्यांना आग्रहाने दोन वेळा वाढला. सरांच्या कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि तोंडाने 'छान झालंय'. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा घसा साफ बसला. पुढे जे काही झालं त्याला थोडासा तो रस्साही जबाबदार आहे, असं माझं मत आहे. आईपुढे ते मी कधी बोलले नाही.

मॅच दुपारची होती. हिवाळ्यातलं ऊन, लाकडी गॅलऱ्या भरलेल्या, आमच्या वस्तीतल्या बाया पांढरी लुगडी नेसून एका बाजूला दाटीने बसलेल्या. त्यांच्या मधोमध आई. शेजारणींना ती सांगत होती, ती उंच तिथे उभी आहे ना, ती माह्या हातचं जेवून गेली. पहिला सेट आम्ही हरलो. पायच उचलत नव्हते. दुसऱ्यात वहिनीचे हात सुटले. असे बॉल ती द्यायला लागली की मला मारायला नुसतं वर जायचं बाकी होतं. गॅलरीतून तिच्या नावाने आरडाओरडा सुरू झाला. आईचा आवाज त्यात नव्हता, पण मी वळून पाहिलं तर ती उभी होती, त्या गुडघ्यांवर. तो सेट आम्ही घेतला. तिसऱ्या, शेवटच्या सेटमध्ये कधी त्या पुढे, कधी आम्ही. तेव्हा ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळायचा, त्यामुळे शेवटचे गुण निघता निघत नसत. त्यांना एकच गुण हवा होता, सर्व्हिस त्यांची. कुमुदिनी मारणार होती. वहिनी मागच्या रेघेवर, मी तिच्या शेजारी. सर्व्हिस आली ती उंच आणि लांब, आमच्या डोक्यांवरून. बाहेर जाणार की रेघेवर पडणार, काही सांगता येईना. खेळ चालू असताना बेंचवरून बोलायला मनाई होती, पण सगळेच बोलायचे आणि पंच कानाडोळा करायचे. सर उभे राहून ओरडले. बसलेला घसा, गॅलरीचा कल्ला, आणि त्यातून आला तो आवाज. खरं सांगते, मलाही 'ले वं' असंच ऐकू आलं. वहिनी मागे झेपावली. बॉल तिच्या मनगटाला लागून तिरका उडाला आणि थेट गॅलरीत गेला. ती पडली तिथे, रेघेच्या चांगली बाहेर. सोडला असता तर सर्व्हिस आमच्याकडे आली असती. शिट्टी वाजली आणि कोलंबोच्या मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. सर दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणत होते, "लीव्ह म्हणालो होतो, लीव्ह."

घरी आल्या आल्या वहिनीने हाफ पॅन्ट आणि बनियन धुऊन तारेवर टाकले, आणि वाळल्यावर घडी करून माझ्या हातात दिले. "कोण नवी येईन तिले देजो," म्हणाली. मग चुलीपुढे जाऊन बसली. मला तेव्हा रडू आलं. आयुष्यात मी बऱ्याच मॅच हरले, पण तितकं वाईट कधी वाटलं नाही. बाबा अंगणात घसा खाकरून म्हणाले, "हारजीत चालतेच. तू आता तिले..." आईने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. कातर खाली ठेवली आणि म्हणाली, "हारल्या कोण म्हणते? मास्तरनं 'ले वं' म्हटलं, तिनं घेतला. आम्ही साऱ्या बायाईनं ऐकलं. मोठ्या माणसाचं ऐकलं पोरीनं, त्यात तिची काय चूक? मास्तर चुकला त मास्तर हारला. हे हारणं मी धरत नाही." बाबांनी समजवायचा प्रयत्न केला. लीव्ह हा इंग्रजी शब्द आहे, त्याचा अर्थ सोड. आई म्हणाली, "कोर्टावर उभी होती ते पुष्पी. तिच्या कानात जे पडलं तेच खरं. आणि तुम्हाले एवढंच वाटते त मास्तर उद्या जेवाले येऊन राहिला, त्यालेच इचारू." आतल्या खोलीत ताटलीचा आवाज थांबला होता. वहिनीचं सगळं आता पुण्याच्या सरांच्या एका उत्तरावर आलं होतं, आणि सर हे असे, की रेषेच्या बोटभर आत पाय पडला तरी सरावातसुद्धा फाऊल देणारे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आले. गाडी संध्याकाळची होती. बूट पुन्हा पांढरे करून आणले होते. त्यांना दारातच गाठून चार शब्द सांगावेत असा माझा बेत होता, पण आईने मला मुद्दाम पाणी भरायला बसवलं होतं. ती काय समजत होती ते तिलाच ठाऊक. या खेपेला सरांना बिनमसाल्याचं वरण होतं. सरांनी दोन घास खाल्ले आणि स्वतःच विषय काढला. म्हणाले, "काल फार वाईट झालं. मी खरं तर..." आईने ताटात तूप सोडता सोडता त्यांना अडवलं. "सर, एक इचारू का? काल त्या शेवटच्या बॉलले तुम्ही 'ले वं' म्हटलं ना?"

सरांनी मान वर केली. बाबा भिंतीकडे बघत होते. दादा दारात उभा, आज त्याने सुट्टी काढली होती, काहून काढली ते कोणाला सांगितलं नव्हतं. मी हंडा हातात धरून तशीच. आणि आतून, एवढा वेळ एकसारखी येत असलेली भाकरीची थाप बंद पडली. सरांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं. मग तव्यावर भाकर तशीच ठेवून दाराआडून बघणारी वहिनी त्यांना दिसली असावी. महिनाभर ज्या माणसाने एक शब्द चुकला तर आम्हाला ग्राउंडला फेऱ्या मारायला लावल्या होत्या, तो माणूस बराच वेळ वरण कालवत राहिला. मग बसलेल्या घशाने, आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करत म्हणाला, "हो बाई. 'ले वं'च म्हटलं मी. चूक माझी होती. वहिनींनी बरोबर घेतला."

"पाहा," आई बाबांना म्हणाली, बाकी काही नाही. सरांनी त्यानंतर मान खाली घालून जेवण संपवलं, भाकर मागून घेतली, ती करपलेली होती आणि त्यांनी ती पूर्ण खाल्ली. जाताना त्यांनी आईला वाकून नमस्कार केला आणि वहिनीला एवढंच सांगितलं, की डावा खांदा अजून थोडा खाली ठेवा. दादा त्यांना स्टेशनवर सोडायला गेला. मी हंडा ठेवला आणि कोनाड्यात ठेवलेल्या हाफ पॅन्ट-बनियनच्या त्या घडीकडे बघत उभी राहिले. वहिनी ताट उचलायला बाहेर आली, तीही तशीच, ताटाजवळ वाकलेली, डोळे भरलेले.

आई परत लिंबाखाली जाऊन बसली होती. सूप मांडीवर ओढून घेत म्हणाली, "माणूस चांगला आहे. खोटं बोलता बोलता कान लाल झाले बिचाऱ्याचे." मग पानांच्या गठ्ठ्यावरचं फडकं काढलं, कातर उचलली आणि वर न बघता म्हणाली, "तू काय पाहून राहिली वं, पुष्पे? ठेव ते ताट. पोरी ग्राउंडवर वाट पाहून राहिल्या असतीन."